काळजी करायची की काळजी घ्यायची?

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥

*साप्ताहिक अभ्यास : बडोदा केंद्र*



मागच्या आठवड्यात आपल्या एका कुटुंब गटावर रात्री पावणेबाराला बेळगावच्या एका ताईंचा मेसेज आला. त्यांचा मुलगा उद्यमबागच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. त्या रात्री पाऊस होता आणि मुलगा अजून घरी आला नव्हता. ताईंनी लिहिलं होतं, "सत्संगात सांगतात चिंता सोडा. पण मी आई आहे. मी चिंताच केली नाही तर माझं प्रेम कमी आहे असं नाही का होणार?"

खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. उत्तर मात्र कुणी दिलं नाही. आम्हीही हात जोडले आणि झोपलो. सकाळी उठल्यावर जरा लाज वाटली. एवढा मनापासूनचा प्रश्न, आणि आपण नुसते हात जोडून मोकळे! म्हणून या आठवड्याचा अभ्यास त्यांच्या प्रश्नावर घेतला आहे. घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. एका बैठकीत नाही झाला तरी दोन बैठकींत वाचावा.

*१. एक शब्द, दोन क्रियापदं*

चिंता आणि चिता यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे, हे आपण सगळ्यांनी प्रवचनात ऐकलंय. ते खरंच आहे. पण ते ऐकून घरी आल्यावर चिंता थांबते का? नाही थांबत. उलट "मी अजून चिंता करते म्हणजे माझी साधना कच्ची" अशी एक नवी चिंता त्यात भर टाकते.

म्हणून आपण आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द घेऊ : *काळजी*.

मुलगी परगावी निघाली की आपण स्टेशनवर काय म्हणतो? "काळजी घे गं." आणि ती काय म्हणते? "आई, तू काळजी करू नकोस." एकाच वाक्यातल्या देवाणघेवाणीत तोच शब्द दोनदा येतो. एकीकडे *घे*, दुसरीकडे *करू नकोस*. आपली भाषा किती शहाणी आहे बघा. काळजी वाईट आहे असं ती म्हणतच नाही. करायची नाही, घ्यायची, एवढंच सांगते.

इथे बडोद्यात आमच्या गुजराती शेजारणी निरोप देताना "काळजी राखजो" म्हणतात. त्यांच्या बोलण्यात काळजी म्हणजे जपणं. मनाला कुरतडणाऱ्या गोष्टीला त्या चिंता किंवा फिकर म्हणतात. आम्ही इतकी वर्षं हे शब्द ऐकत होतो, पण त्यातला फरक कळायला घरात पाणी शिरावं लागलं.

*२. पाच वर्षं केलेली काळजी*

आमचं घर तळमजल्यावर, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. रस्त्यांवर मगरी आल्याचे व्हिडिओ तर सगळ्या देशात फिरले. त्या वर्षी आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं आणि तिथूनच परत गेलं. वाचलो.

पण त्या दिवसापासून आमच्या मनात पाणी शिरलं ते निघालंच नाही. जून लागला की पोटात गोळा. रात्री दोनला उठून खिडकीतून रस्ता बघायचा. आजवा सरोवराची पातळी किती, विश्वामित्रीची किती, यांचे मेसेज दर तासाला उघडायचे आणि चार गटांवर पुढे पाठवायचे. ह्यांना झोपेतून उठवायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, नदी काय तुला विचारून येणार आहे का?" आम्हाला त्यांचा राग यायचा. वाटायचं, घरात एकट्या आम्हालाच जबाबदारीची जाणीव आहे.

२०१९ ते २०२४. पाच वर्षं.

मग २०२४ च्या गोकुळाष्टमीच्या सुमारास नदी पुन्हा धोक्याच्या पातळीच्या वर गेली. या वेळी पाणी पायरीवर थांबलं नाही. आत आलं, गुडघ्यापर्यंत.

आता लक्ष देऊन वाचा, कारण आजच्या अभ्यासाचं मर्म इथे आहे. घराची कागदपत्रं, विम्याचे कागद, सासऱ्यांची पत्रं आणि लग्नाचा अल्बम ज्या पेटीत होते, ती पेटी कपाटाच्या *सगळ्यात खालच्या* कप्प्यात होती. २०१९ मध्ये जिथे होती तिथेच. पाच वर्षं आम्ही रात्र रात्र जागलो, आणि त्या जागरणाने ती पेटी दोन फूटसुद्धा वर सरकली नाही. पेटी वरच्या माळ्यावर ठेवायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. स्टूल घरातच होतं.

आम्ही काळजी *केली* होती. काळजी *घेतली* नव्हती.

*३. मग चिंता सुटत का नाही?*

कारण चिंता करताना आपल्याला काहीतरी *केल्यासारखं* वाटतं. अंग थकतं, डोकं दुखतं, झोप जाते. एवढे कष्ट झाले म्हणजे काम झालंच असणार, अशी मनाची समजूत होते. विशेषतः आपण घर सांभाळणाऱ्या बायका. आपल्याला लहानपणापासून हेच दिसलंय, की जी आई जास्त घाबरते ती जास्त मायेची. जी शांत बसते तिला लोक म्हणतात, "हिला काही पडलेलीच नाही."

पण बेळगावच्या ताईंनी एक गोष्ट स्वतःलाच विचारून पाहावी. त्या खिडकीत उभ्या राहिल्यामुळे मुलाच्या गाडीचा ब्रेक चांगला लागतो का? रस्त्यावरचा खड्डा बुजतो का? नाही ना. मग ते उभं राहणं कुणासाठी? प्रेम खरंच आहे, त्यात शंका नाही. फक्त त्या प्रेमाला हातपाय मिळालेले नाहीत. ते खिडकीपाशी अडकून बसलंय.

प्रेमाला हातपाय दिले की त्याची सेवा होते. ते डोक्यातच फिरत राहिलं की त्याची चिंता होते. सेवा म्हटलं की आपल्याला केंद्र, उत्सव, महाप्रसाद आठवतो. पण गाडीच्या मागच्या दिव्याचा गेलेला बल्ब बदलायला मुलाला आठवण करणं हीसुद्धा सेवाच.

*४. चिंतेला वेळ आणि जागा द्या*

"करू नका" म्हटलं की मन जास्त करतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून एक वेगळा उपाय सांगतो. थॉमस बोर्कोवेक नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली तो मांडला. त्यांनी खूप चिंता करणाऱ्या लोकांना चिंता बंद करायला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून अर्धा तास चिंता करा. दिवसभरात चिंता आली की तिला म्हणा, "आत्ता नाही, तुझी वेळ आली की ये." आणि त्या अर्ध्या तासात नुसतं कुढत न बसता उपायाचा विचार करा. असं केल्याने त्या लोकांची रोजची चिंता कमी झाली.

आम्ही हे घरी करून पाहिलं. संध्याकाळी सहा ते साडेसहा, दिवेलागणीच्या आधी, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलापाशी. मुलाची उरलेली शाळेची वही घेतली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे *"आज काय करता येईल"*, उजवीकडे *"माझ्या हातात नाही"*. नमुन्यासाठी आमच्या वहीतलं एक पान सांगतो :

सासूबाईंची शुगर वाढली असेल का? डावीकडे : उद्या सकाळी सातला लॅबवाल्याला घरी बोलावणे.

पाऊस किती पडेल? उजवीकडे. पण त्याच्यासमोर डावीकडे : पेटी माळ्यावर आहे का? आहे.

जाऊबाई त्या दिवशीच्या बोलण्यावरून रागावल्या असतील का? डावीकडे : फोन करून विचारणे.

मुलीचं लग्न यंदा जमेल का? उजवीकडे. डावीकडे : दोन ठिकाणी पत्रिका पाठवणे. तिच्याशी तिला काय हवंय ते नीट बोलणे. (हे दुसरं आम्ही तोवर केलंच नव्हतं!)

साडेसहा वाजले की वही बंद. देवापाशी दिवा लावायचा. उजवीकडचं सगळं तिथे, सद्गुरूंच्या पायाशी ठेवायचं. डावीकडचं आपण उचलायचं. दोन्ही बाजूंची अदलाबदल करायची नाही. आपली चूक नेमकी तिथेच होते. जे आपल्याला करता येतं ते आपण देवावर टाकतो, आणि जे देवाचं आहे ते आपण रात्रभर डोक्यावर घेऊन बसतो.

महिन्याभराने आम्ही ती वही परत वाचली. लिहिलेल्या बहुतेक गोष्टी घडल्याच नव्हत्या. थोड्या घडल्या, त्या निभावल्या. आणि त्या महिन्यात जी खरी मोठी गोष्ट झाली ती वहीत कुठेच नव्हती. ह्यांचा पाय बाथरूममध्ये घसरला आणि मनगटाला प्लॅस्टर आलं. इतक्या चिंता केल्या, पण हीच तेवढी करायची राहिली होती! आम्ही दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसून हसलो. आता बाथरूममध्ये रबरी चटई आहे.

*५. चिंतेच्या जागी काय ठेवायचं?*

चिंता काढली की मनात रिकामी जागा होते, आणि रिकामी जागा मन ठेवत नाही. तिथे काही ठेवलं नाही तर दुसरी चिंता येऊन बसते. म्हणून तिथे कृतज्ञता ठेवायची.

पण कृतज्ञतेबद्दल एक गोष्ट आधी स्पष्ट करू. कृतज्ञता म्हणजे "दुःख झालंच नाही" असं म्हणणं नव्हे. पुरात आमचा लग्नाचा अल्बम गेला. सासऱ्यांची शाईने लिहिलेली पत्रं गेली, अक्षरं पाण्यात विरघळली. सासूबाईंनी ते ओले कागद मांडीवर घेतले आणि बराच वेळ तशाच बसल्या. तेव्हा गटावर कुणीतरी लिहिलं, "जीव वाचला हे काय कमी आहे? आनंद माना." सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण सासूबाईंना ते लागलं. दुःखात असलेल्या माणसाला आपण बाहेरून कृतज्ञता शिकवायची नाही. त्याच्याशेजारी बसायचं. कृतज्ञता ज्याची त्याला आतून सुचू द्यायची.

त्यांना ती सुचली, चार दिवसांनी. त्या म्हणाल्या, "वरच्या मुलांना जेवायला बोलाव."

वरची मुलं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे कॉलेजचे दोघे. मोठ्याने गाणी लावतात म्हणून आम्ही सोसायटीत दोनदा त्यांची तक्रार केली होती. पाणी शिरलं तेव्हा तेच दोघे पहिल्यांदा खाली आले. सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. वीज गेली होती, फ्रिज बंद. सासूबाईंच्या इन्सुलिनचं काय करायचं कळेना. समोरच्या फ्लॅटमधल्या बेननी ती बाटली पिशवीत नीट बंद करून मातीच्या माठात गार जागी ठेवली आणि दोन दिवस सांभाळली. पाच वर्षांच्या चिंतेत आम्ही पाणी पाहिलं होतं, मगर पाहिली होती, भिजलेलं घर पाहिलं होतं. ही खुर्ची आणि हा माठ आम्हाला एकदाही दिसला नव्हता.

चिंता आपल्याला येणारं संकट दाखवते, पण त्या संकटात येणारी माणसं दाखवत नाही. म्हणून तिचं चित्र नेहमी अर्धं असतं. कृतज्ञता ते चित्र पूर्ण करते.

*६. कृतज्ञतेचा रोजचा अभ्यास*

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकक्युलो या दोन अभ्यासकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. असं दहा आठवडे. शेवटी पहिल्या गटातल्या मुलांना आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटत होतं, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी होत्या, आणि *येणाऱ्या आठवड्याबद्दल* त्यांना जास्त आशा वाटत होती.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. त्यांनी लिहिलं मागच्या आठवड्याबद्दल, आणि आशा वाढली पुढच्याबद्दल. म्हणजे आशावाद जबरदस्तीने आणावा लागत नाही. मागे काय मिळालं ते नीट मोजलं, की पुढेही काहीतरी मिळेल हा भरवसा आपोआप येतो.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळाव्यात :

*बारीक लिहा.* "देवाची कृपा आहे" एवढंच रोज लिहिलं तर चार दिवसांत ते पाठ होतं आणि मन त्यात राहत नाही. "गॅसवाल्या भाऊंनी आज लिफ्ट बंद असताना सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवला" असं लिहा. कृपा कुणाच्या तरी खांद्यावरूनच येते ना?

*मागचा प्रवास बघा.* आमच्या नळाचं पाणी आजवा सरोवरातून येतं. ते सरोवर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राजवटीत बांधलं गेलं. बडोद्याला पाणी पुरेल का, याची चिंता तेव्हाच्या लोकांनाही असेलच. पण कुणीतरी ती नुसती केली नाही, तळं बांधून काळजी *घेतली*. त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि आम्ही सकाळी नळ सोडून पिंप भरतो. गंमत अशी, की ज्या आजव्याच्या पातळीला आम्ही पावसाळ्यात घाबरतो, त्याच आजव्याचं पाणी आम्ही वर्षभर पितो. भीती आणि उपकार एकाच जागेवरून येतात. आम्ही फक्त भीतीच मोजत होतो. तुमच्या गावाचं पाणी कुठून येतं? इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, सगळ्यांनी हे आपापल्या घरात मुलांना विचारा. छान चर्चा होते.

*बोलून दाखवा.* आपल्या मराठी घरांत आभार मानायची सवय नाही. नवऱ्याला "धन्यवाद" म्हटलं तर तो दचकून बघेल, "काय झालं?" म्हणून. हरकत नाही, आपल्याकडे दुसरे शब्द आहेत. "बरं झालं बाई तू होतीस." "तुम्ही आलात म्हणून धीर आला." "आज आमटी मस्त जमलीय हं." हेच आपले आभार. पण ते मनात ठेवायचे नाहीत. समोरच्याच्या कानावर गेले पाहिजेत.

*७. आशावादी माणूस कसा बोलतो?*

"सगळं चांगलंच होईल" असं म्हणणं म्हणजे आशावाद नव्हे. सगळं चांगलंच होत नाही, हे आपल्या वयाला माहीत आहे. आशावाद म्हणजे वाईट झालं तरी त्यातून वाट निघेल, आपल्याला हात आहेत आणि आपली माणसं आहेत, हा विश्वास.

मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी म्हटलंय, की निराश माणूस संकटाकडे तीन प्रकारे बघतो : हे कायमचं आहे, हे सगळीकडे पसरलंय, आणि हे माझ्यामुळेच आहे. आपल्या घरातल्या बोलण्यात हे तिन्ही रोज ऐकू येतात. फक्त आपण कान दिलेला नसतो :

"*नेहमी* असंच होतं."
"*सगळंच* बिघडलं."
"*माझंच* नशीब खोटं."

या आठवड्यात घरात हे तीन शब्द पकडायचे. मुलगा गणितात नापास झाला. "तुझं नेहमीचंच आहे" म्हणण्याऐवजी "या वेळी गेलं" म्हणायचं. "सगळं वर्ष वाया" म्हणण्याऐवजी "एक विषय राहिला". "आम्हीच कमी पडलो" म्हणण्याऐवजी "कुठे अडतंय ते बघू". गोष्ट तीच, गुणही तेच. पण दुसऱ्या बोलण्यात मुलाला उद्या वही उघडायला जागा राहते.

आम्ही हा खेळ घरात सुरू केला तेव्हा सगळ्यात जास्त वेळा पकडलं गेलं कोण? आम्हीच. सासूबाईंनी पकडलं. त्या आता बोट वर करून नुसतं "नेहमी!" म्हणतात.

*८. एक गोष्ट न लपवता सांगायची*

काही वेळा चिंता ही सवय नसते, आजार असतो. महिनोन्‌महिने झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं. अशा वेळी "तुझं नामस्मरण कमी पडतंय" असं कुणालाही म्हणू नये. शुगर वाढली तर आपण सद्गुरूंना नमस्कार करून डॉक्टरकडे जातोच ना? तसंच मनाचं. चांगल्या डॉक्टरांना दाखवावं. सरकारची टेली-मानस ही फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे आणि आपल्या भाषेत बोलता येतं. हा नंबर आपापल्या कुटुंब गटात जपून ठेवा. मदत मागणं म्हणजेच काळजी *घेणं*.

*९. पुन्हा बेळगावच्या ताईंकडे*

हे लिहायच्या आधी आम्ही ताईंना फोन केला. मुलगा त्या रात्री साडेबाराला सुखरूप आला होता. वाटेत पाऊस वाढला म्हणून एका टपरीखाली थांबला होता आणि फोनची बॅटरी संपली होती. आम्ही विचारलं, "तो आल्यावर तुम्ही पहिलं काय बोललात?" ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खूप बोलले हो. जिवाला घोर लावतोस म्हणाले. तो न जेवता झोपला."

बघा, तीन तास जी आई त्याच्यासाठी खिडकीत उभी होती, तिचं प्रेम दाराशी रागाच्या रूपात बाहेर पडलं. मुलाच्या हाती फक्त राग आला. प्रेम खिडकीतच राहिलं.

मग आम्ही दोघींनी मिळून फोनवरच त्यांच्या वहीचं पान केलं. डावीकडे : कारखान्यातून निघताना त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा. डब्याच्या पिशवीत एक छोटी पॉवर बँक आणि रेनकोट. पाऊस जोराचा असेल तर थांबायचं, घाई करायची नाही, हे त्याला आईनेच स्पष्ट सांगायचं. ताटावर ताट झाकून ठेवायचं. उजवीकडे : पाऊस, रस्ता, दुसऱ्यांच्या गाड्या. ते गुरूंच्या पायाशी ठेवायचं, एक माळ जप करायचा आणि पाठ टेकायची. झोप लागली तर लागू द्यायची. झोप लागली म्हणून प्रेम कमी होत नाही.

आणि दार उघडल्यावर पहिलं वाक्य ठरवून ठेवायचं : "आलास? हातपाय धू, वाढते."

परवा ताईंचा मेसेज आला. मिस्ड कॉल पावणेअकराला आला, मुलगा सव्वाअकराला. जेवताना त्याने स्वतःहून कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. ताईंनी लिहिलंय, "खिडकीत अजून जाते मी, खोटं कशाला बोलू. पण आता दोनदाच जाते."

ताई, दोनदा चालेल. आमचंही अजून रात्री एकदा रस्त्यावर डोकावणं होतंच. एकदम कुणाचं सुटत नाही.

*या आठवड्याचा संकल्प*

१. घरातली एक "पेटी" शोधा, जिची चिंता आपण बरेच दिवस करतोय पण जिला हात लावलेला नाही. कागदपत्रं असतील, तपासणी असेल, मृत्युपत्र असेल, कुणाशी राहिलेलं बोलणं असेल. या रविवारपर्यंत ती दोन फूट तरी वर सरकवा.

२. रोज ठरलेल्या वेळी चिंतेची वही. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. झोपण्याच्या आधी नको.

३. रविवारी सगळ्यांनी मिळून पाच बारीक कृतज्ञता लिहायच्या. त्यातली एक तरी त्या माणसाला बोलून दाखवायची.

४. "नेहमी, सगळं, माझंच" हे तीन शब्द घरात पकडायचे. लहान मुलांना पंच करा, त्यांना फार आवडतं.

*मननासाठी*

माझ्या काळजीने कुणाचं भलं झालं, आणि माझ्या काळजीने कुणाला ओझं झालं?

ज्या संकटाला मी सगळ्यात जास्त घाबरले होते, ते आलं तेव्हा कोण कोण धावून आलं? त्यांना मी ते सांगितलं आहे का?

आपापली "पेटी" कोणती होती आणि ती सरकली का, ते पुढच्या गुरुवारपर्यंत आपल्या गटात अवश्य लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. आणि या वेळी कुणी मनातलं काही लिहिलं, तर फक्त हात जोडून पुढे जायचं नाही. एक फोन करायचा. हे आम्ही आमच्यासाठीही लिहून ठेवतोय.

घरातल्या सगळ्यांची काळजी घ्या.

आपल्या नम्र,
बडोदा केंद्राच्या सेवेकरी भगिनी 🙏